जुनी गाडी आणि तिचा गियरबॉक्स



या देशात आल्यावर घेतलेली पहिली गाडी बहुतेक घरांत सेकंडहॅंडच असते. नवी घ्यायची ऐपत आली तरी पुष्कळदा जुनीच सोडवत नाही. आमचेही तसेच. आमची २००६ सालची पेट्रोलवर चालणारी ऑटोमॅटिक अजून दारात उभी आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये युलेझ लागू झाले, तेव्हा वाटले की आता हिला निरोप द्यावा लागणार. पण २००६ पासूनच्या पेट्रोल गाड्या त्या नियमात बहुधा बसतात, त्यामुळे रोजचे साडेबारा पौंड वाचले. गाडी राहिली, तिचे दुखणेही आमच्याकडेच राहिले!

गणपतीसाठी आम्ही लेस्टरहून लंडनला निघालो होतो. डिकीत मखर, मागच्या सीटवर मुले आणि मोदकांचे डबे. एम-१ वर गर्दीत थांबून पुन्हा निघताना गाडी दोन सेकंद हललीच नाही. इंजिन नुसतेच गुरगुरले आणि मग जोराचा धक्का बसला. मागून लॉरी येत होती. काही झाले नाही, पण पुढचा रस्ता कोणी एक शब्द बोलले नाही.

तीनच आठवड्यांपूर्वी एमओटी पास झाली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. इथेच आमची चूक झाली. एमओटीत ब्रेक, दिवे, टायर, धूर वगैरे तपासतात. इंजिन, क्लच आणि गियरबॉक्स कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्या तपासणीत येतच नाही. त्यांची काळजी आपली आपणच घ्यायची.

पहिल्या गॅरेजने झाकण न उघडताच "गियरबॉक्स बदला" असे सांगितले. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. मग फक्त गियरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. ऑइल थंड करणारी नळी झिरपत होती आणि ऑइल बरेच कमी झाले होते. दारातल्या फरशीवरचे लालसर डाग आम्ही कित्येक दिवस पाहत होतो, पण मनावर घेतले नव्हते. नळी बदलली, योग्य ऑइल भरले, गाडी सुधारली. आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर पहिल्या गॅरेजचेच म्हणणे खरे ठरले असते.

असे का होते ते थोडक्यात सांगतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद साधारण अशीच पुढे जाते, फक्त वाऱ्याच्या जागी ऑइल असते. तेच ऑइल दाब देऊन आतले क्लच आवळते, वंगण करते आणि उष्णताही वाहून नेते. ऑइल कमी झाले की दाब कमी होतो, क्लच घसरतात, घसरल्याने तापतात आणि तापून जळतात. म्हणून पहिल्या धक्क्यालाच लक्ष द्यावे.

ऑटोमॅटिक असेल तर

- डिपस्टिक असल्यास ऑइल पाहा. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहायचे असते, काहींत बंद करून. गाडीचे हॅंडबुक सांगेल तेच खरे. डिपस्टिक नसेल तर हे काम गॅरेजचे.
- ऑइल बहुधा लाल असते. काळपट झाले आणि जळका वास आला तर लगेच दाखवा. दुधासारखे गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, गाडी चालवू नका.
- प्रकार चुकवू नका. सीव्हीटीचे ऑइल वेगळे असते. जास्त भरले तर फेस होतो, तेही वाईटच.
- "आयुष्यभर बदलायला नको" यावर फार विसंबू नका. झेडएफ ही गियरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकचे ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, म्हणजे सुमारे ५०,००० ते ७५,००० मैलांना, किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते.
- गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका.
- बंद पडली तर चालती चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असले की आतला पंप बहुधा फिरत नाही आणि वंगणाविना भाग झिजतात. उचलून नेणारी गाडी मागवा.

मॅन्युअल असेल तर

- गती वाढत नाही आणि इंजिनाचा आवाज मात्र वाढतो, विशेषतः चढावर, तर क्लच घसरतो आहे.
- गियर टाकताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नसेल किंवा आतल्या सिंक्रो रिंग झिजल्या असतील. पुष्कळ गाड्यांत क्लचचे द्रव ब्रेकच्याच डब्यातून येते, तेही पाहा.
- पाय क्लचवर ठेवून गाडी चालवू नका. चढावर क्लचवर तोलून धरण्यापेक्षा हॅंडब्रेक लावा. मुले गाडी शिकत असतील तर त्यांना हे पहिल्या दिवशीच सांगा.

गॅरेजमध्ये जाताना

अंदाज लेखी घ्या. कॉम्प्युटर लावून कोणते कोड आले ते विचारा. मोठा खर्च सांगितला तर दुसरे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, आपण डॉक्टरांच्या बाबतीत घेतोच ना! कोणते ऑइल भरले ते बिलावर लिहून घ्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम योग्य काळजीने आणि कौशल्याने झालेच पाहिजे. तसे झाले नसेल तर ते पुन्हा करून मागता येते.

घरी काही करून पाहायचे असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नका, कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात न्या.

गणपतीला, दिवाळीला लांबून येणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी गाडीखाली एक जुना पुठ्ठा रात्रभर ठेवून बघावा. सकाळी त्यावर लाल डाग दिसला तर आधी गॅरेज, मग मखर!

आपले अनुभव पुढच्या कार्यक्रमात भेटलो की जरूर सांगा. चूकभूल देणे घेणे.