यंत्रांची बाराखडी – भाग ७ : वीस दात्यांचा साठ दात्यांशी मेळ

शिवाजी उद्यमनगरात गिअर कापून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक बहुधा तुटका गिअर घेऊनच येतं. ड्रॉइंग नसतं. कारागीर आधी दाते मोजतो, मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घेतो. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने व्यासाला भागलं की मॉड्यूल निघतं. दाते ६०, व्यास २४८ मिमी, म्हणजे मॉड्यूल ४. भागाकार ४.२३ आला तर गिअर इंची मापाचा, ६ डीपीचा. त्याला ४ मॉड्यूलचा पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर, लावायचा विचारच सोडावा.

आता ४ मॉड्यूलचाच २० दात्यांचा पिनियन त्या ६० दात्यांच्या गिअरशेजारी ठेवून बघा. त्याचे दाते चांगलेच गोलसर, मोठ्याचे त्यामानाने सपाट, आणि रॅकचे, म्हणजे सरळ दातेरी पट्टीचे, तर अगदी सरळ. आकार असे वेगवेगळे, तरी मेळ बसतो, तो का?

वर्तुळाला गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडत नेला की त्याचं टोक जी रेघ काढतं ती इन्व्होल्यूट. दात्याची कड याच रेघेची, आणि ते वर्तुळ म्हणजे बेस सर्कल. वर्तुळ लहान तर रेघ जास्त वळते. दोरा त्या रेघेला कायम काटकोनात असतो. म्हणून दोन दाते जिथे टेकतात तिथे दोघांचे दोरे एकाच सरळ रेषेत येतात. दोन पुल्यांवर चढवलेल्या क्रॉस पट्ट्यासारखंच हे काम: टेकण्याचा बिंदू त्या रेषेवरूनच सरकतो आणि वेगाचं प्रमाण क्षणभरही हलत नाही. दात्यांसाठी ही रेघ अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने सुचवली.

या रेषेवर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर म्हणजे बेस पिच. ही रेषा दोन्ही गिअरांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेच्या लंबाशी जो कोन करते तो प्रेशर अँगल. ४ मॉड्यूल आणि २० अंशांच्या प्रेशर अँगलला बेस पिच ११.८१ मिमी येतं. या हिशेबात दात्यांची संख्या कुठेच नाही! म्हणूनच एकच हॉब (दाते कापायचा कटर) पिनियनही कापतो आणि गिअरही. फक्त दाते १७ च्या खाली गेले की हॉब त्यांचं मूळ पोखरायला लागतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा गुण. या जोडीच्या दोन शाफ्टांत १६० मिमी अंतर हवं. बोअर करताना ते १६०.५ झालं तरी प्रमाण १ : ३ च राहतं. दात्यांतली मोकळीक थोडी वाढते आणि प्रेशर अँगल साडेवीस अंशांच्या आसपास जातो, एवढंच.

प्रेशर अँगल मात्र बाहेरच्या व्यासावरून कळत नाही. जुन्या यंत्रांत तो साडेचौदा अंशांचाही सापडतो आणि असा गिअर २० अंशांच्या पिनियनवर नीट चालत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. ६० दात्यांच्या गिअरवर आधी सहा दात्यांवर व्हर्नियर लावा, मग सात दात्यांवर. दोन मापांतला फरक म्हणजे बेस पिच. ४ मॉड्यूलला तो ११.८१ आला तर २० अंश; १२.१७ आला तर साडेचौदा.

झिजलेल्या दात्यावर हे माप फसवं येतं. म्हणून गिअर करायला टाकताना जोडीचा पिनियनही सोबत न्या, आणि दोघांचं बेस पिच तुमच्यासमोर मोजून घ्या.