वळणावरचा दिवा

खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावात रात्री मोठ्या रस्त्यावरून आत वळताना हेडलाइट समोरच्या झाडीवर पडतो; जिथे चाक जाणार ती मोरीची कड मात्र काळोखात. नेमकी तीच बाजू कॉर्नरिंग लाइट उजळतो. स्टिअरिंग पुरेसं वळवलं किंवा इंडिकेटर दिला, की त्या बाजूचा फॉगलॅम्प पेटतो; वेग साधारण ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. टाटा नेक्सॉन, हॅरियरच्या वरच्या मॉडेलांत ही सोय मिळते. वळणावर उजेड टाकण्याची कल्पना जुनीच. 1967 मध्ये सिट्रोएन डीएसच्या हेडलाइटच्या जोड्यांमधले आतल्या बाजूचे दिवे स्टिअरिंगबरोबर फिरत.

चालकांत मात्र दोन तट. एक म्हणतो, सवय झाली की याच्याविना गाडी आंधळी वाटते. दुसरा विचारतो, बोरघाटात याचा उपयोग काय? तक्रार अर्धी खरी आहे. खोपोलीहून चढताना तीव्र वळणांवर हा दिवा कामाला येतो, पण लांब, सौम्य वळणांवर स्टिअरिंग फारसं फिरतच नाही, मग दिवाही पेटत नाही. तिथे हेडलाइटचा झोतच वळवणारी महागडी यंत्रणा लागते. माझं मत विचाराल तर गावरस्त्यावर, पावसाळ्यात, हा दिवा सनरूफपेक्षा शंभर पट कामाचा! गाडी घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह एकदा रात्री मागा.