तुर्कही आदमचीच लेकरे

अमेरिकेतील धर्मस्वातंत्र्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी प्युरिटन लोकांपासून सुरू होते. इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून त्यांनी समुद्र ओलांडला, हे खरेच. मात्र त्यांना स्वातंत्र्य हवे होते ते स्वतःपुरते. सरकारने कोणाच्या श्रद्धेत हात घालू नये असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्स या पाद्र्याला मॅसॅच्युसेट्सने १६३५ मध्ये हद्दपार केले. पुढे त्याने प्रॉव्हिडन्स वसवले आणि तिथे सर्वांना मोकळीक दिली. क्वेकर पंथाची मेरी डायर मनाई मोडून पुन्हा पुन्हा बोस्टनला येत राहिली. १६६० मध्ये तिला फाशी दिले गेले.

क्वेकर पाद्र्याविना, शांत बसून इबादत करीत. न्यू यॉर्क तेव्हा डच वसाहत होती. तिथला गव्हर्नर स्टायव्हसंट याने या लोकांना घरात आसरा देण्यावर दंड लावला. आज क्वीन्समध्ये मोडणाऱ्या फ्लशिंग गावच्या रहिवाशांनी २७ डिसेंबर १६५७ रोजी त्याला लेखी नकार कळवला. सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता, आणि आम्हाला या कागदातली हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते. दुसऱ्याच्या इबादतीसाठी त्यांनी स्वतः शिक्षेचा धोका पत्करला. शांतता आणि मोकळीक यहुदी, तुर्क आणि मिसरी लोकांनाही आहे, कारण तेही आदमची लेकरे, असे त्यांनी हॉलंडच्या कायद्याचा दाखला देत लिहिले. त्या काळी युरोपात ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान. फ्लशिंगमध्ये कोणी तुर्क राहत होता म्हणून हे लिहिले नव्हते. बनी आदम ही कल्पना आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ओळखीची; ती एका डच गव्हर्नरच्या टेबलावर अशी पोहोचली!

गव्हर्नरने गावच्या अधिकाऱ्यांना अटक केली. पुढे जॉन बाऊन या रहिवाशाने आपल्या घरी क्वेकरांची सभा भरू दिली, म्हणून त्यालाही देशाबाहेर काढले. तो ॲमस्टरडॅमला गेला आणि वसाहत चालवणाऱ्या कंपनीपुढे उभा राहिला. कंपनीने १६६३ मध्ये गव्हर्नरला कळवले की लोकांच्या श्रद्धेवर जबरदस्ती करू नका. त्यात वसाहतीत माणसे टिकावीत हा व्यापारी हिशेबही होता.

कागदावरचा तुर्क असा आदमचे लेकरू ठरला. खराखुरा मुसलमान मात्र या किनाऱ्यावर साखळदंडात उतरत होता.

अयूबा सुलेमान डियालो हा आजच्या सेनेगलमधल्या बुंदूचा, आलिम घराण्यातला. १७३० मध्ये तो गँबिया नदीवर दोन गुलाम विकायला गेला होता, हे लपवायचे कारण नाही. परतताना तो स्वतःच पकडला गेला आणि मेरिलँडच्या तंबाखूच्या मळ्यात पोहोचला. याच मेरिलँडने १६४९ मध्ये एक ‘सहिष्णुतेचा’ कायदा केला होता. त्यात ख्रिस्ती पंथांना मोकळीक होती. त्रैक्य नाकारणाऱ्याला मृत्युदंड! अयूबाच्या काळापर्यंत तो कायदा उरला नव्हता, पण गुलामाला धर्म असतो हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हते.

अयूबा नमाजसाठी झाडीत जाई. एक गोरा मुलगा त्याला चिडवी, तोंडावर माती फेकी. शेवटी तो पळाला आणि तुरुंगात पडला. तिथे भेटलेल्या लोकांना त्याची भाषा कळेना. त्याने दोन ओळी लिहून दाखवल्या, अल्लाह आणि मुहम्मद ही नावे उच्चारली आणि दारूचा प्याला नाकारला, तेव्हा कुठे तो मुसलमान आहे हे त्यांना उमगले. नंतर मालकाने त्याला नमाजला जागा दिली. म्हणजे कायद्याने नव्हे, मालकाच्या मर्जीने.

त्याने वडिलांना अरबीत पत्र लिहिले. ते वाटेत लंडनमध्ये जेम्स ओगलथॉर्प यांच्या हाती पडले आणि सुटकेची वाट निघाली. लंडनमध्ये अयूबाने आठवणीतून कुरआनच्या तीन प्रती लिहून काढल्या. १७३४ मध्ये तो गँबियाला परतला. वडील वारले होते. पण मुलगा सुटल्याचे पत्र त्यांना मरणाआधी मिळाले होते.