आबाजींच्या रेडिओचा लाल दिवा

मित्रांनो, आमच्या घरी आबाजींचा जुना रेडिओ आहे. त्याच्या पट्टीजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा आहे. काटा केंद्रावर नीट बसला की तो पेटतो. लहरी जोरात येत असल्या तर दिवा लख्ख, कमी असल्या तर मंद. म्हणजे लहरींचा जोर मोजायचे ते मापच झाले. नव्या रेडिओत दिव्याऐवजी रेघा किंवा आकडे दिसतात.

आबाजींना डोळ्यांनी कमी दिसते. बातम्या, शेतीची माहिती, हवामान, सगळे ते रेडिओवर ऐकतात. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले. आबाजी ते मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लावतात. मागच्या हिवाळ्यात तिथे टक्‌ टक्‌ आवाज येऊ लागला. बोलणे ऐकूच येईना. आबाजी म्हणाले, "आता काही कामाचा नाही राहिला हा. देऊन टाका भंगारवाल्याले." पण रेडिओ काही मांडीवरून खाली ठेवत नव्हते.

मला नवल वाटले. दिवा तर लख्ख होता! मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "दिवा फक्त जोर सांगतो. जोर केंद्राचा की खरखरीचा, हे दिव्याला कळत नाही."

मग बाबांनी आणि मी असे तपासले :

१) नवे सेल टाकले. सेल उतरले तर दिवा मंद होतो आणि आपण उगाच लहरींना दोष देतो.

२) काटा दोन केंद्रांच्या मधे, रिकाम्या जागी नेला. तिथे दिवा विझायला पाहिजे. पण तो दर टक्‌ला लुकलुकत होता! म्हणजे हा जोर केंद्राचा नव्हता.

३) घरातले एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद केले. खरखर थोडी कमी झाली, टक्‌ टक्‌ तशीच.

४) रेडिओ घेऊन वावरात गेलो. कुंपणाजवळ दिवा जोरात लुकलुकला. चोर सापडला! रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन होती. ती साधारण दर सेकंदाला तारेत एक झटका सोडते.

मशीन कायमची बंद कशी करणार? डुकरे एका रात्रीत हरभरा उकरून टाकतात. पण एका जागी ओले गवत तारेला लागून ठिणग्या उडत होत्या. बाबांनी मशीन बंद करून ते गवत कापले. टक्‌ टक्‌ बरीच कमी झाली. वाया जाणारा झटकाही वाचला. (मित्रांनो, तारेला आपण हात लावायचा नाही!)

उरलेल्या आवाजासाठी रेडिओ फिरवला. रेडिओत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. कांडीच्या टोकाकडून आलेल्या लहरी तिला कमी लागतात, बाजूने आलेल्या जास्त. आम्ही टोक कुंपणाकडे केले. नागपूर स्वच्छ ऐकू आले!

आणखी एक. दिवसाच्या मापाची तुलना रात्रीच्या मापाशी करू नका. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या उंच थरावरून परत खाली येतात, म्हणून लांबची केंद्रेही मधे घुसतात.

पालकांना विनंती आहे की, जुना रेडिओ टाकण्याआधी काटा रिकाम्या जागी नेऊन दिवा पाहावा. आमच्याकडे भंगारवाला आला तेव्हा आबाजींनी त्याला चहा पाजला, पण रेडिओ दिला नाही.

— इयत्ता ४ थी