गारठलेल्या इंजिनाला विजेची ऊब

कॅनडातल्या विनिपेगमध्ये हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत घसरला, तर कुणाला नवल वाटत नाही. तिथे अनेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन डोकावताना दिसते. या गाड्या विजेवर चालत नाहीत, पेट्रोल-डिझेलच्याच असतात. वाहनतळांवर प्लगचे खांब ओळीने उभे असतात, ते या पिनांसाठी. ही पिन इंजिनात बसवलेल्या छोट्या हीटरची असते. त्याला ‘ब्लॉक हीटर’ म्हणतात. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या मर्सिडीज किंवा फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी आजही जपून वापरणाऱ्यांचं कडाक्याच्या थंडीत त्याच्यावाचून पान हलत नाही.

त्याचं कारण डिझेल इंजिनाच्या मुळाशी आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. जुन्या मोटारींत ही हवा वीस पटींहून अधिक दाबली जाते. वीस पट धरली, तर ३० अंशांची हवा पुस्तकी गणितानुसार ७३० अंशांच्या आसपास पोहोचते. तीच हवा उणे ३० अंशांची असेल, तर आकडा ५३०वर येतो. प्रत्यक्षात तो याहून बराच खाली राहतो. सिलिंडरचं थंडगार लोखंड हवेतली उष्णता शोषून घेतं आणि झिजलेल्या रिंगांच्या फटींतून थोडी हवा निसटते. इंजिन सावकाश फिरत असेल, तर या दोन्ही गोष्टींना आणखी वेळ मिळतो.

आणि थंडीत ते सावकाशच फिरतं. इंजिन ऑइल दाट झाल्यामुळे पिस्टन आणि बेअरिंग जड होतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना धडधाकट बॅटरीचीही ताकद निम्म्यावर येते. म्हणजे स्टार्टरला जास्त जोर लावायची गरज असते, नेमका तेव्हाच तो कमी पडतो.

आपल्याकडे जुन्या डिझेल जीप चालवणाऱ्यांना डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा आठवत असेल. किल्ली अर्धी फिरवायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. तो दिवा ‘ग्लो प्लग’चा, मेकॅनिकच्या भाषेत ‘हीटर प्लग’चा. महाबळेश्वरच्या पहाटेला तेवढी ऊब पुरते. पण ग्लो प्लग फक्त ज्वलनकक्षातली इवलीशी जागा तापवतो; बाकीचं लोखंड आणि तेल गारच राहतं. उणे २५ अंशांना तो एकटा कमी पडतो.

ब्लॉक हीटर इथे मदतीला येतो. बिडाचा इंजिन ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटांसाठी वाळूचे गाभे ठेवतात आणि ओतकामानंतर ती वाळू भोकांतून काढतात. पुढे ही भोकं पत्र्याच्या गोल टोप्यांनी बंद होतात. त्यांतली एक टोपी काढून तिथे विजेचं तापणारं वेटोळं बसवतात. ते थेट कूलंटमध्ये बुडतं. तापलेला कूलंट हलका होऊन वर सरकतो, थंड कूलंट खाली येतो आणि पंप न चालवताही ऊब ब्लॉकभर पसरते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचे अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा विजेच्या इंजिन हीटरचं पेटंट मिळालं. त्यांचा हीटर इंजिनाच्या हेडच्या बोल्टच्या जागी बसायचा.

ऊब किती वेळ द्यावी? १५० किलोंचं बीड आणि आठ लिटर कूलंट धरा. एवढा ऐवज एक अंशाने तापवायला सुमारे १०० किलोज्यूल उष्णता लागते. ५०० वॉटचा हीटर ती २०० सेकंदांत देतो. म्हणजे उष्णता वाया गेलीच नाही, तर ३० अंशांची वाढ शंभर मिनिटांत होईल. उघड्यावरच्या गाडीला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय इंजिन जसं तापतं, तशी त्यातून हवेत जाणारी उष्णताही वाढत जाते. मिळणारी आणि जाणारी उष्णता सारखी झाली की तापमान तिथेच अडतं. त्यानंतर रात्रभर जळणारी वीज निव्वळ वाया जाते. म्हणूनच टायमर लावून निघण्याच्या सुमारे दोन तास आधी हीटर सुरू करा, असा सल्ला कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातं देतं. जड डिझेल इंजिनाला कडक थंडीत तीन तास धरावेत. एवढ्याला वीज लागते एक ते दीड युनिट. बदल्यात इंजिन चटकन सुरू होतं, अर्धवट जळालेल्या डिझेलचा पांढरा धूर कमी होतो आणि तेल लवकर पोहोचल्याने झीज टळते.

ब्लॉक हीटरची मर्यादाही ओळखायला हवी. टाकीतल्या डिझेलला तो ऊब देत नाही. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं, तसे डिझेलमधल्या मेणाचे कण गोठतात आणि फिल्टर तुंबतो. त्यावर उपाय हिवाळी डिझेलचाच. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये असं डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. टाकीखाली शेगडी किंवा बोळा पेटवण्याचा जीवघेणा प्रकार मात्र कुणीही, कुठेही करू नये.

महाराष्ट्रात ब्लॉक हीटरची गरज नाही. चांगली बॅटरी आणि धड ग्लो प्लग पुरेत. पण कॅनडात किंवा उत्तर युरोपात राहून जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्या मराठी वाचकांनी हिवाळ्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: कूलंटची पातळी, कारण कोरडं पडलेलं वेटोळं जळून जातं, वायरचं आवरण, कारण तडा गेला तर आग लागू शकते, आणि अर्थिंग असलेली, घराबाहेर वापरण्याजोगी जाड एक्स्टेंशन वायर. टायमर लावा आणि निघण्यापूर्वी पिन आठवणीने काढा.