रंगभूषेचे दोन कुंचले



रंगभूषेचा कुंचला हा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावयास घ्यावा, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु शाळेच्या नाटकांत मुलांचे चेहरे रंगविण्याचें काम बहुधा मास्तरांकडेच येतें, आणि माझ्याकडे तें पुष्कळ वर्षें होतें. शिवाय जी रंगभूषा पूर्वीं नाटकमंडळींच्या पडद्यामागें होती, ती आतां घराघरांतील आरशापुढें आली आहे. लग्नसराई आली कीं मुली बारा-पंधरा कुंचल्यांची सुबक पेटी विकत घेतात, आणि त्यांतील बहुतेक कुंचले पुढें तसेच पडून राहतात. वस्तुतः फौंडेशन आणि पावडर यांसाठीं दोनच कुंचले पुरेसे आहेत. ते कसे निवडावे, इतकेंच आज सांगावयाचें आहे.

या निवडीच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: लावावयाचा पदार्थ ओला कीं कोरडा? फौंडेशन म्हणजे त्वचेच्या रंगाशीं जुळणारा लेप. तो बहुधा पातळ किंवा मलमासारखा, म्हणजे ओला असतो. पावडर कोरडी. आतां प्राण्याचा केस डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्यास त्यावर कौलांप्रमाणें एकावर एक रचलेले खवले दिसतात. त्या खवल्यांपाशीं पावडरीचे कण अडकतात आणि कुंचला गालावर फिरूं लागला म्हणजे थोडे थोडे सुटतात. हा गुण कोरड्या कामांत उपयोगी, पण ओल्या कामांत तोच दोष ठरतो. केस लेप शोषून घेतो आणि महागाच्या फौंडेशनचा बराचसा भाग चेहऱ्याऐवजीं कुंचल्याच्या पोटांत जातो. कृत्रिम तंतूला असे खवले नसतात. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनचे तंतू प्रथम बाजारांत आले, ते दांत घासण्याच्या ब्रशांतून. रोज ओलें व्हावयाचें आणि लगेच वाळावयाचें, हाच त्यांचा गुण. म्हणून लेपासाठीं कृत्रिम तंतू घ्यावे, आणि पावडरीसाठीं मऊ केस किंवा केसांप्रमाणें निमुळते केलेले बारीक तंतू घ्यावे.

फौंडेशनच्या कुंचल्याचे मुख्य घाट दोन. एक जिभेसारखा चपटा. त्यानें लेप चटकन् लागतो, पण भिंतीवरील रंगासारखे ओरखडे राहतात आणि ते बोटानें किंवा ओल्या स्पंजानें पुसावे लागतात. दुसरा आखूड, दाट आणि सपाट माथ्याचा. तो लहान लहान वर्तुळांत फिरविला म्हणजे लेप त्वचेंत मिसळून जातो. नवशिक्यानें हा दुसराच घ्यावा. तो तळहातावर दाबून पाहावा; माथा दबला पाहिजे आणि हात उचलतांच पुन्हां उभा राहिला पाहिजे. लेप हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढा घ्यावा आणि नाकाच्या बाजूंपासून कानांकडे पसरीत न्यावा.

पावडरीच्या कुंचल्याचें शील याच्या अगदीं उलट. तो मोठा, घुमटासारखा आणि सैल असावा. दाट कुंचला पावडर फार उचलतो, ती एकाच जागीं टाकतो आणि खालचा लेपही हलवितो. सैल कुंचला पावडरींत टेकवून, दांडा एकदां झटकून, मग चेहऱ्यावर हलक्या हातानें फिरवावा. यासाठीं बकरीचे किंवा खारीचे केस फार दिवसांपासून वापरांत आहेत.

येथें केसाच्या टोंकाकडे लक्ष द्यावें. जपानांत हिरोशिमा प्रांतीं कुमानो नांवाचें एक गांव आहे. १९ व्या शतकांत तेथील शेतकरी रिकाम्या हंगामांत परगांवीं जात आणि परततांना विक्रीसाठीं लेखनाचे कुंचले आणीत. पुढें ते स्वतःच कुंचले बनवूं लागले. २०११ सालीं जपानी महिलांच्या फुटबॉल संघानें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां त्या सरकारनें सन्मानासोबत त्यांस कुमानोचे रंगभूषेचे कुंचलेच भेट दिले. तेथील कुशल कारागीर घुमट साधण्यासाठीं केस कातरीत नाहींत. जुडी बांधतांनाच ते उंचसखल रचतात. न कातरलेलें टोंक निमुळतें आणि मऊ असतें, कातरलेलें बोथट असतें आणि तें त्वचेला टोंचतें. दुकानांत कुंचला गालावर फिरविला कीं हा भेद तत्काळ कळतो. मग केस हलकेच ओढून पाहावे. नव्या कुंचल्यांतून एखादा केस येईल. पण एकामागून एक येऊं लागले, किंवा दांड्यावरची धातूची नळी डुलूं लागली, तर तो कुंचला परत ठेवावा.

केसाची जातही विचारावी. रंगभूषाकार बारीक रेषांसाठीं चित्रकारांचे कुंचले घेतात, आणि त्यांत मुंगसाच्या केसांचे कुंचले आपल्या देशांत पुष्कळ विकले गेले आहेत. ते केस मिळविण्यासाठीं मुंगसें मारलीं जातात. शेतांतील उंदरांचा आणि सापांचा हा शत्रू शेतकऱ्याचा मित्रच होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण दिलें आहे. २०१९ च्या ऑक्टोबरांत सरकारी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोनें ठिकठिकाणीं छापे घातले, तेव्हां अशा केसांचे ५०,००० हून अधिक कुंचले सांपडले. एकाच केसावर गडद-फिकट पट्टे दिसले आणि विक्रेता जात सांगण्यास कचरूं लागला, तर तो कुंचला घेऊं नये. आपण घेणारे आहोंत, म्हणूनच मारणारे आहेत.

शेवटीं स्वच्छतेविषयीं. लेपाचा कुंचला आठवड्यांतून एकदां तरी सौम्य साबण व कोमट पाणी यांनीं धुवावा. केस खालीं धरावे. नळींत पाणी शिरलें कीं आंतील डिंक सुटतो. मग कुंचला आडवा ठेवून वाळवावा, उभा नव्हे. आणि एकाचा कुंचला दुसऱ्यास देऊं नये. शाळेच्या नाटकांत एकच कुंचला वीस चेहऱ्यांवर फिरतो, आणि एका मुलाच्या पुळ्या किंवा आलेले डोळे दुसऱ्यास भेट मिळतात. तेथें प्रत्येक मुलास स्पंजाचा वेगळा तुकडा आणि कापसाचा वेगळा बोळा द्यावा. खर्च थोडा, पण नाटकानंतर दुसऱ्या दिवशीं वर्ग भरलेला दिसतो.