दैनंदिन इंग्रजी वाक्यांतील ‘अरिद्मिक’ हे विशेषण : अर्थ, उपयोग व अध्यापन

प्रस्तावना :
शब्दकोशातील मराठी प्रतिशब्द पाठ झाला म्हणजे इंग्रजी विशेषण आत्मसात झाले, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. ‘अरिद्मिक’ या विशेषणाच्या बाबतीत हा समज विशेष अडचणीचा ठरतो. ‘अनियमित’, ‘लयहीन’, ‘बेताल’ हे तिन्ही शब्द त्याच्या जवळचे वाटतात. परंतु त्यांपैकी एकही सर्व ठिकाणी चालत नाही. रुग्णाची नाडी ‘जलद’ आहे की ‘अनियमित’, हा भेद परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्याला इंग्रजी नोंदीत करता आला नाही, तर ती केवळ भाषेची चूक राहत नाही. म्हणून या विशेषणाचा नेमका अर्थ व उपयोग स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घडण :
हा शब्द मूळ ग्रीक आहे. ‘रिदम’ म्हणजे लय आणि त्यापूर्वीचा ‘अ’ हा अभावदर्शक उपसर्ग. संस्कृतातील ‘अ’ (अशांत, अनियमित) हा याच उपसर्गाचा सगोत्र असल्याने मराठी विद्यार्थ्याला ही घडण चटकन समजते. लेखनात मात्र चुका होतात. ए, आर, आर, एच, वाय, टी, एच, एम, आय, सी असा वर्णक्रम असून ‘आर’चे द्वित्व व दोन्ही ‘एच’ लक्षात ठेवावे लागतात.

अर्थाच्या दोन छटा :
पहिली छटा लय बिघडल्याची. वैद्यकात हृदयाच्या ठोक्यांसाठी ती रूढ आहे. येथे गती व लय यांची गल्लत टाळावी. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे ठोके सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असतात. धावून आल्यावर ते १३० झाले, तरी दोन ठोक्यांतील अंतर सारखे असेल तर त्यांना ‘फास्ट’ म्हणावे, ‘अरिद्मिक’ नव्हे. याउलट ८० ठोकेही अरिद्मिक असू शकतात. वैद्यकीय इंग्रजी याहून सूक्ष्म भेद करते. दर ठराविक ठोक्यांनंतर एक ठोका चुकत असेल तर ती नाडी ‘रेग्युलरली इरेग्युलर’. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये मात्र अंतराचा कोणताच नियम सापडत नाही, म्हणून ती ‘इरेग्युलरली इरेग्युलर’.

दुसरी छटा लय मुळातच नसल्याची. १९७१ मध्ये कोनोप्का व बेंझर यांनी फळमाशीच्या दैनिक जैविक लयीवर संशोधन प्रसिद्ध केले. त्यात लयीचा काळ कमी झालेल्या व वाढलेल्या माश्यांबरोबरच लयच न उरलेल्या माश्याही होत्या. त्यांना ‘अरिद्मिक’ म्हटले गेले. येथे ‘अनियमित’पेक्षा ‘लयहीन’ हा प्रतिशब्द योग्य ठरतो.

दैनंदिन वाक्यांतील उपयोग :
हे विशेषण नामापूर्वीही येते व क्रियापदानंतरही येते. ‘द अरिद्मिक ड्रिपिंग ऑफ द टॅप केप्ट हर अवेक’ (नळाच्या अनियमित टपटपीमुळे तिला झोप लागली नाही) आणि ‘हिज ब्रीदिंग वॉज अरिद्मिक’ (त्याचा श्वास लयीत नव्हता) ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. नळाची टपटप, श्वास, पावलांचा आवाज, टाळ्या, यंत्राची धडधड या सर्वांत ध्वनीची वा हालचालीची पुनरावृत्ती असते. पुनरावृत्ती आहे म्हणूनच लयीची अपेक्षा असते आणि ती भंगते.

‘अरिद्मिक अटेंडन्स’ किंवा ‘अरिद्मिक बस सर्व्हिस’ हे प्रयोग म्हणूनच खटकतात. उपस्थितीसाठी ‘इरेग्युलर’, बेभरवशाच्या बससेवेसाठी ‘इरॅटिक’, थांबून थांबून येणाऱ्या पावसासाठी ‘इंटरमिटंट’ आणि वारंवार मोडणाऱ्या झोपेसाठी ‘फिटफुल’ हे शब्द योग्य होत. बोलण्याच्या इंग्रजीत तर श्वासासाठीही ‘अनईव्हन’ हा साधा शब्द अधिक ऐकू येतो. ‘अरिद्मिक’ला लेखी व शास्त्रीय भाषेचा सूर आहे. ‘माय हार्ट स्किप्ड अ बीट’ हा वाक्प्रचार आनंद वा भीती दर्शवितो. त्यावरून हृदयविकाराचा अर्थ काढू नये.

‘सिंकोपेटेड’ व ‘बेताल’ :
‘सिंकोपेटेड’ हा शब्द ‘अरिद्मिक’चा पर्याय समजला जाण्याची शक्यता असते. वस्तुतः तेथे लय अभंग असते. केवळ आघात अपेक्षित जागेवरून हलविलेला असतो. तबलावादक दोन मात्रांच्या मधल्या जागी आघात देत जातो आणि तरीही अचूक समेवर येतो. त्याचे वादन अरिद्मिक नव्हे. उलट लयीवर प्रभुत्व असल्याशिवाय ते शक्यच नाही.

‘बेताल’ या मराठी शब्दाची अडचण वेगळी आहे. तो मूळचा संगीतातील असला तरी ‘बेताल वक्तव्य’, ‘बेताल वागणे’ अशा प्रयोगांत तो संयम सुटल्याचा, दोष देणारा अर्थ व्यक्त करतो. ‘अरिद्मिक’मध्ये नैतिक दोषारोप नाही. ‘बेताल वक्तव्य’ याचे भाषांतर ‘अरिद्मिक स्टेटमेंट’ असे केल्यास इंग्रजी वाचकाला काहीच बोध होणार नाही; तेथे ‘इरिस्पॉन्सिबल’ हवे.

अध्यापनासाठी सूचना :
वर्गात प्रतिशब्द सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वर्ण्य गोष्टीत ध्वनीची वा हालचालीची पुनरावृत्ती आहे काय? तिच्यात ठराविक लय अपेक्षित आहे काय? ती लय भंगली आहे वा मुळीच नाही काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ‘अरिद्मिक’ योजावे. बससेवा पहिल्याच प्रश्नाशी थांबते, तबलावादन तिसऱ्याशी थांबते, गळका नळ मात्र तिन्ही कसोट्यांस उतरतो.

समारोप :
‘अरिद्मिक’ हे विशेषण वस्तूचा केवळ गुण सांगत नाही, तर त्या वस्तूकडून असलेली अपेक्षाही सूचित करते. कोणती लय अपेक्षित होती, हे ज्याला सांगता येते त्यालाच ती चुकल्याचे अचूक वर्णन करता येते. विशेषण प्रतिशब्दाऐवजी या अपेक्षेसह शिकविले गेले, तर विद्यार्थ्याचे वाक्य शुद्ध होईलच, शिवाय नाडीवर बोट ठेवून केलेली त्याची नोंदही विश्वासार्ह ठरेल.